श्रवण : उत्तम

विभागाचं पत्र आलं आहे. ‘वर्गात तंत्रज्ञान : माझा अनुभव’ या विषयावर पाचशे शब्द लिहून पाठवावेत, सोबत दोन फोटो जोडावेत, फोटोतली मुलं हसरी असावीत. आमची शाळा विभागात पहिली आली म्हणून हा मान माझ्याकडे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय : अडचणींचा उल्लेख थोडक्यात करावा.

थोडक्यात सांगायचं तर अडचण एकच. तिचं नाव शर्वी कबाडे, वय नऊ, इयत्ता चौथी. पाचशे शब्दांत ती बसत नाही, म्हणून हे वेगळ्या कागदावर.

आमचं गाव यंत्रमागांचं. आता बहुतेक कापड गावाबाहेरच्या मोठ्या शेडमध्ये निघतं, तिथं काचेआड बसून एकच माणूस चाळीस माग बघतो. पण शाळेच्या गल्लीत जुने, धोट्याचे माग अजून चालतात. आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला दीडशे वेळा इकडून तिकडं आपटतो, आणि एका खोलीत असे आठ-आठ माग. तिथं कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही कळत नाही, म्हणून आमच्याकडं कुणी ओरडतच नाही. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. समोरचा ओठ बघून उत्तर देतो. खोलीच्या या टोकाची सून त्या टोकाच्या सुनेला घरचं सगळं सांगते, आणि सासू मध्ये पाठ करून उभी असते.

मी त्याच खोल्यांत वाढले. बाविसाव्या वर्षापर्यंत धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्या. बाहेरून दहावी केली, बाहेरूनच बारावी, मग डी.एड. मला समोर उभं राहून शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे समोर उभं राहणारं माणूस ही काय चीज असते, याबद्दल माझी मतं जरा जास्तच हळवी आहेत. ती विभागाला नको आहेत.

आमच्या शाळेत एक जुना रिवाज होता. तपासणीला साहेब आले की बाईंनी साहेबांच्या पाठीमागं उभं राहायचं आणि अडलेल्या पोराला उत्तर ओठांनी सांगायचं. साहेब बाहेरगावचे, त्यांना वाटायचं पोरं हुशार आहेत. पोरं हुशारच असायची. साहेब दिसला की त्यांची दातखीळ बसायची, एवढंच. मी त्या दातखिळीवरचा उपाय होते. यात काही चूक आहे असं मला पंचवीस वर्षांत कधी वाटलं नाही.

भुंगा गेल्या जूनमध्ये आला.

त्याचं खरं नाव काहीतरी लांबलचक आणि सरकारी होतं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा भुंगा केला, कारण कानात बसवला की तो आधी जरा गुणगुणायचा. मक्याच्या दाण्याएवढा जीव. सोबत एक पाटी. भुंगा कानात बोलणार, पाटीवर चार चित्रं किंवा चार उत्तरं दिसणार, मुलानं एकावर बोट ठेवायचं. प्रत्येकाला वेगळा धडा, वेगळा वेग. अठरा मुलं, अठरा मास्तर, आणि एक मी.

त्याची खरी कमाल शिकवण्यात नव्हती, ओळखण्यात होती. मूल अडलं की आपल्याला एवढंच कळतं की ते अडलं. का अडलं, ते कळत नाही. भुंगा एकच प्रश्न कधी मोठ्यानं विचारतो, कधी हळू, कधी जाड आवाजात, कधी पातळ. आणि बोट पाटीवर पडायला किती वेळ लागला ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो. ज्याला उत्तर येत नाही ते मूल मोठ्या आवाजालाही चुकतं आणि हळू आवाजालाही. ज्याचं लक्ष नाही त्याच्या चुकण्याला काही धरबंध नसतो. पण ज्याला ऐकू कमी येतं, ते मोठ्या, जाड आवाजाला बरोबर असतं आणि हळू, पातळ आवाजाला गडबडतं. तिन्ही नमुने वेगळे. चाळीस दिवस असे हजारो प्रश्न विचारून झाले की यंत्र सांगतं : याला चष्मा हवा, हिचे कान दाखवा, आणि याला काही झालेलं नाही, हा सकाळी उपाशी येतो. शेजारच्या तालुक्यात दोन मुलांचे कान त्यानं वेळेत पकडले. दोघंही बरी झाली.

हे मी आधीच सांगून ठेवते. यंत्र चांगलं आहे.

आमच्यावर देखरेख ठेवणारे इंगवले साहेब पेटी उघडताना हजर होते. ते म्हणाले, ‘हावळ मॅडम, पहिले चाळीस दिवस ओळखकाळ. यंत्र मुलांना ओळखतंय. शिक्षकानं मध्ये बोलायचं नाही. एक शब्द नाही.’

‘बोलणार नाही,’ मी म्हटलं.

आणि मी एक शब्दही बोलले नाही.

पाटीला कॅमेरा नव्हता. लहान मुलांच्या चेहऱ्यांवर वर्गात कॅमेरा लावायला कायद्यानं बंदी आहे, आणि तो कायदा व्हावा म्हणून मीही सही केली होती. त्यामुळे मूल पाटीकडं बघतंय की बाईंकडं, हे यंत्राला कळायला मार्ग नव्हता. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर मात्र सगळं दिसायचं. कोणाला कोणता प्रश्न पडलाय, कोण अडलंय. अडलेल्याचं नाव पिवळं व्हायचं.

पहिले दोन दिवस मी पिवळ्या नावांकडं बघत हातावर हात ठेवून बसले. पोरं मान वर करून माझ्याकडं बघायची. तिसऱ्या दिवशी माझे ओठ हलले. अगदी खरं सांगायचं तर मी हलवले नाहीत, ते हलले. पोरांनी बोटं ठेवली, पिवळी नावं हिरवी झाली, आणि सगळ्यांना बरं वाटलं. मला सर्वांत जास्त.

शर्वी तेव्हा इतरांसारखीच होती. वटवट करणारी, दोन पुढचे दात मोठे, वेणीला मागावरच्या सुताचा गोफ बांधून येणारी. जुलैत ती आठ दिवस तापानं घरी राहिली. परत आली ती गप्प. तिची आई प्रतीक्षा मला गल्लीत भेटली तेव्हा म्हणाली, ‘बाई, पोरगी घुमी झालीया बगा. हाक मारली तरी वळत न्हाई. नखरं आल्यात अंगात.’

‘अशक्तपणा असेल,’ मी म्हटलं. ‘खजूर दे.’

प्रतीक्षा माझ्या पहिल्या वर्गातली. तपासणीत सगळ्यात जास्त अडायची तीच. आता शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत ती चार माग एकटी चालवते, आणि तिचं घर म्हणजे त्या खोलीवरचा पोटमाळा. त्या घरात सकाळी सातपासून कुणी कुणाशी आवाज काढून बोलत नाही. शर्वी ओठ वाचतेय, हे तिथं कोणाच्या लक्षात येणार? तिथं सगळेच वाचतात.

तापानंतर शर्वीचं नाव वारंवार पिवळं व्हायला लागलं. बाकीची पोरं तोवर भुंग्याला सरावली होती. त्यांचे डोळे पाटीवर, हसू आलं तरी पाटीकडं बघून. ही एकटी प्रत्येक प्रश्नाला मान वर करून माझ्याकडं बघायची. टक लावून, तोंड जरा उघडं ठेवून. मी ओठ हलवायची, ती बोट ठेवायची, मग एकदा हसायची.

मला वाटलं, माया आहे. अठरा मास्तर कानात असताना एका पोरीला अजून तिच्या बाईंचं तोंड बघावंसं वाटतंय. रोज सकाळी आरशासमोर मी कुंकू जरा नीट लावायला लागले होते, हेही लिहून टाकते.

ओळखकाळ संपला. आमची शाळा विभागात पहिली. इंगवले साहेबांनी पेढे आणले, अहवाल वाचून दाखवला आणि शर्वीच्या पानाशी थांबले.

‘ही कोण, मॅडम? कमाल आहे! श्रवण : उत्तम. आख्ख्या विभागात एवढा तिखट कान कुणाचा नाही. हळूत हळू आवाजालासुद्धा एकही चूक नाही. वेळ घेते जरा, पण दर वेळी सारखाच वेळ. यंत्रानं काय शेरा दिलाय बघा : विचार करून उत्तर देणारी विद्यार्थिनी.’

‘आहेच मुळी,’ मी म्हटलं, आणि पेढा खाल्ला.

तो वेळ तिला माझे ओठ वाचायला लागायचा.

भुंग्यात आणखी एक सोय होती. मुलांचे कान नाजूक, म्हणून ज्याला जेवढ्या आवाजाची गरज तेवढाच द्यायचा, उगाच मोठा नाही. शर्वीचा कान सगळ्यांत तिखट. तेव्हा ऑगस्टपासून यंत्र तिच्याशी सगळ्यांत हळू बोलायला लागलं.

ऑक्टोबरात मी तीन दिवस कोल्हापूरला प्रशिक्षणाला गेले. विषय होता : तंत्रज्ञानस्नेही शिक्षक. त्या तीन दिवसांत शर्वीचं एकही उत्तर बरोबर आलं नाही. यंत्रानं विचार केला. त्याची चूक नाही, त्याला जे माहीत होतं त्यावरून त्यानं अगदी सरळ विचार केला. मुलीचा कान उत्तम, हे चाळीस दिवसांच्या पुराव्यानं सिद्ध झालेलं. म्हणजे कान बिघडणं शक्य नाही. म्हणजे भुंगा बिघडला. चौथ्या दिवशी मी परत आले, आणि त्याच सकाळी शाळेत छोटी पेटी आली : शर्वी कबाडेसाठी नवा भुंगा. नव्या भुंग्यानं तिला सगळं येऊ लागलं, कारण मी समोर होते. यंत्राचं निदान खरं ठरलं.

दिवाळीनंतर मला खोकला झाला, दोन दिवस घरी राहिले. तिसरा भुंगा आला.

जानेवारीत माझ्या नणंदेच्या घरचं लग्न होतं, चार दिवसांची रजा झाली. चौथा.

‘तुमच्या पोरीच्या कानात काय आम्ल आहे काय हो?’ कंपनीची आफरीन शिकलगार फेब्रुवारीत दारात उभी राहून म्हणाली. सव्वीस-सत्तावीसची पोर, पाठीवर अवजारांची पिशवी. ‘चार भुंगे खाल्ले. राज्यात रेकॉर्ड आहे, मॅडम. म्हटलं, बघून तरी येऊ.’

तिनं शर्वीच्या कानातला भुंगा काढला, फडक्यानं पुसला, स्वतःच्या कानात घातला. पाटीवर बोटं फिरवली. मग तो काढून पिशवीतून जुने तीन बाहेर काढले आणि एकेक घालून बघितला. तिचं हसू हळूहळू गेलं.

‘चारही चांगले आहेत.’

‘मग?’

ती उठली. शर्वी पाटीवर वाकून चित्र रंगवत होती. आफरीन तिच्या पाठीमागं गेली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर पत्र्याच्या कपाटावर जोरात आपटला. सतरा पोरं दचकली. माझ्या हातातला पेन पडला. शर्वीनं ढगाचा उरलेला कोपरा रंगवला, मग सगळे कुठं बघतायत म्हणून मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि हसली.

आफरीननं तिची नोंद काढली. दिवस, तास, सेकंद. कोरे दिवस एका रांगेत लावले. ‘हे नऊ दिवस,’ ती म्हणाली. ‘या नऊ दिवसांत काय झालं होतं, मॅडम?’

मी हजेरी उघडली. मुलांची नव्हे, माझी.

मिरजेला डॉक्टरांनी फार सोप्या भाषेत सांगितलं. कानाच्या आत शंखासारखी नळी असते. तिच्यात उभ्या पिकासारख्या बारीक पेशी, त्यांच्या टोकाला केस. आवाज आला की ते डोलतात, आणि त्या डोलण्याची नसेला बातमी जाते. शर्वीच्या पेशींत जन्मापासून एक दोष होता. तो झोपलेला असतो, मोठा ताप आला की जागा होतो, आणि पेशी एकेक करून आडव्या पडायला लागतात. आधी पातळ आवाजांच्या, मग जाड आवाजांच्या. यावर आता औषध आहे. दोषाच्या जागी बसणारी दुरुस्त प्रत एका निरुपद्रवी विषाणूवर बसवून कानाच्या पडद्यातून सुईनं आत सोडतात. तीन सुया. सरकारी योजनेत. उभ्या असलेल्या पेशी वाचतात. पडलेल्या उठत नाहीत.

‘तापापासून सहा महिन्यांत आणलं असतं तर,’ डॉक्टर म्हणाले. बोटं मोजून त्यांनी ती पुन्हा मिटली. ‘साधारण पाच आठवडे उशीर झाला. आता आत उभं असं काही नाही. या प्रकारात नसही सुकते, त्यामुळे कानात बसवायच्या यंत्राचाही फारसा उपयोग नाही. पण मला एक कळत नाही. तुमच्याकडे ते शाळेतलं यंत्र आहे ना? ते हमखास ऑगस्टमध्ये पकडतं. तुमच्याकडं कसं सुटलं?’

प्रतीक्षा माझ्याकडं बघत होती. शर्वी खुर्चीवर पाय हलवत डॉक्टरांच्या ओठांकडं बघत होती. त्यांच्या दाढीमिशांतून तिला काही वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. मी ओठांनी सांगितलं, ‘येताना आइस्क्रीम खाऊ.’

दुसऱ्या दिवशी मी प्रतीक्षाच्या खोलीत गेले. शर्वी दळण आणायला गेलेली. चारही माग चालू होते. प्रतीक्षानं मला पाहिलं, पण माग थांबवले नाहीत. थांबवले असते तर बरं झालं असतं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही. दोन मागांच्या पलीकडं ती, अलीकडं मी. मी ओठांनी सांगितलं : ओळखकाळात उत्तरं मी सांगितली. म्हणून यंत्राला कळलं नाही. माझ्यामुळं.

ती सुटलेला धागा गाठत होती. मान वर करून म्हणाली, ‘परत म्हणा.’

मला वाटलं, नीट दिसलं नसेल. मी पुढं झाले, परत म्हटलं.

‘परत.’

तिसऱ्यांदा म्हणताना माझे ओठ इतके थरथरत होते की त्यातून काही वाचता आलं असेल असं वाटत नाही. तिनं कांडी बदलली, धोटा घातला, माग सोडला. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तोंड माझ्यासमोर धरून सावकाश म्हणाली,

‘पैल्या बारीलाच कळलं हुतं. तुमच्या तोंडावर परत बगायचं हुतं.’

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो पदराला पुसला, जणू ग्रीस लागलंय.

‘मलाबी तुमीच पास केलासा,’ ती म्हणाली. ‘ओठांनी. म्हणून मी हितं हाय. मला त्याचं काय वाटलं न्हाई कवा. लिवायला येत न्हाई, पर बाईंची माया हुती म्हणायचे.’ मग तिनं मागं वळून माग बघितला आणि परत तोंड माझ्यासमोर धरलं. ‘पोरीला सांगू नका. तिला लई आवडता तुमी. तेवढं तरी ऱ्हाऊ दे तिच्याजवळ.’

मार्चमध्ये मला पत्र आलं. गुणवत्तेत पहिल्या आलेल्या शाळेत शिक्षकाची आवश्यकता उरत नाही, देखरेखीला सेविका पुरेशी. मी अतिरिक्त. जूनपासून दुसऱ्या तालुक्यात, कार्यालयात, अहवाल तपासायला. पाचवीचा वर्गही याच शाळेत राहणार, भुंग्यावर. म्हणजे जूनपासून शर्वीच्या समोर ज्याचे ओठ वाचून शिकता येईल असं कुणी नसणार.

मी इंगवले साहेबांकडं गेले आणि सगळं सांगितलं. मोठ्यानं, आवाज काढून. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणून गेले होते. त्यांनी उठून दार लावलं.

‘मॅडम, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही.’

‘सांगितलंय. लिहून देते.’

‘लिहून देऊ नका! तुमची शाळा नमुना म्हणून घेतलीय वर. मागांच्या गावातली मुलं कशी ऐकतात, हे यंत्राला तुमच्या पोरांवरून शिकवलंय. जूनपासून आणखी अकरा गावांत तेच माप लागू होतंय.’

‘अहो, मग ते थांबवा की. तिथली पोरं…’

‘मी? मी कोण थांबवणारा?’ त्यांनी खरोखर छातीवर हात ठेवला. माणूस वाईट नाही. त्यांच्याही मुलीच्या लग्नाची पत्रिका टेबलावर होती. ‘पोरीचं बोला. तिचं काहीतरी करता येईल. कोल्हापूरला कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे. तिथं अजून माणसं शिकवतात. हातांनी, तोंडानं. एक जागा आहे.’

‘मिरजेचा दाखला आहे आपल्याकडं.’

‘दाखल्यावर सवलती मिळतील. शाळा बदलायला यंत्राचा शेरा लागतो, आणि तिथं श्रवण उत्तम आहे. फेर-ओळख घ्यावी लागेल. दहा दिवस. एवढंच की या वेळी…’ ते माझ्याकडं बघायचं टाळत म्हणाले, ‘या वेळी तिला नापास होऊ द्या.’

‘तिला सांगते तसं. समजावून.’

‘नाही, नाही. मूल मुद्दाम चुकतंय हे यंत्र लगेच ओळखतं, चुकायच्या आधी बोट बरोबर उत्तराकडं जातं म्हणे. मग अर्ज बाद, दोन वर्षं पुन्हा करता येत नाही. तिला काही माहीत असता कामा नये. तिनं मनापासून प्रयत्न करायला हवा.’

मी फेर-ओळखीचा अर्ज भरला. अकरा गावांचं लिहून तीन ठिकाणी पाठवलं. तिन्हीकडून पोच आली आहे. अनुभव लिहून मागणारं विभागाचं पत्र त्यानंतरचं.

एप्रिलच्या शेवटच्या दोन आठवड्यांत दहा दिवस धरले. माझ्या ओठांवर माझा भरवसा नव्हता. म्हणून पहिल्या दिवशी मी तोंडाला मास्क लावून वर्गात गेले. निळा, जाड कापडाचा. पोरांना वाटलं, बाईंना सर्दी झाली.

पहिला प्रश्न. शर्वीनं मान वर केली. तिनं माझ्या तोंडाच्या जागी बघितलं, मग डोळ्यांत, मग परत तोंडाच्या जागी. मला वाटतं, मी मास्क काढीन म्हणून ती थांबली होती. पाटीवर वेळ संपल्याची लाल रेघ आली. दुसरा प्रश्न. तिनं तशीच मान वर केली.

माझ्या पडद्यावर तिचं नाव पिवळं होतं. दिवसभर पिवळं होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं जागा बदलून पहिल्या बाकावर माझ्या अगदी समोर दप्तर ठेवलं. तिला वाटलं असेल, लांबून दिसत नाही. चौथ्या दिवशी ती वेणीला नवा, लाल सुताचा गोफ बांधून आली आणि तो मला दिसावा म्हणून मान फिरवून बसली. प्रश्न येत होते, रेघा पडत होत्या. ती खरोखर मनापासून प्रयत्न करत होती. इंगवले साहेबांना हवं होतं, तस्सं.

सहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं बाहेर पळाली आणि ती माझ्या टेबलाशी आली. आता तिचा आवाज तिलाच ऐकू येत नाही, म्हणून ती शाळेतही मागाच्या खोलीतल्यासारखी बोलते, नुसत्या ओठांनी.

‘मी काय केलं, बाई?’

मला मान हलवता आली असती. डोळ्यांनी काही सांगता आलं असतं. पण डोळ्यांना ‘थांब’ म्हणता येत नाही, ‘दहा दिवसच’ म्हणता येत नाही. मी बोलले. कापडाच्या आत, आवाज काढून बोलले. म्हटलं, काही नाही गं शर्वे, तू काही केलं नाहीस, मी केलं, चार दिवस राहिलेत, मग सगळं सांगते तुला. भिंतीपलीकडं माग चालू होते. ती हलणाऱ्या निळ्या कापडाकडं बघत उभी होती. मग तिनं मान हलवली, कळल्यासारखी, आणि जागेवर जाऊन बसली. सातव्या दिवशी तिनं दप्तर मागच्या बाकावर नेलं.

आठव्या दिवशी तिनं प्रश्नाला मान वर केली नाही. नवव्याही. भुंगा कानात, बोट पाटीवर, डोळे बोटावर. अगदी इतर पोरांसारखी. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, शेवटी या पोरीचंही यंत्रात मन लागलं. फोटो काढायचा तर तेव्हाच काढायला हवा होता.

दहाव्या दिवशी दुपारी सव्वाचारला पडद्यावर तिच्या नावापुढचं ‘उत्तम’ पुसलं गेलं. नवा शेरा आला, कोल्हापूरची जागा पक्की झाली. तापानंतर यंत्राला ती पहिल्यांदा बरोबर कळली होती. शाळा सुटली. तो माझाही शाळेतला शेवटचा दिवस होता.

मी मास्क ओढून काढला आणि टेबलावर टाकला. शर्वी दप्तर पाठीला लावून दाराकडं निघाली होती. ‘शर्वी!’ मी हाक मारली. नुकतंच जे कागदोपत्री सिद्ध करून घेतलं होतं ते विसरून, मोठ्यानं हाक मारली. तिच्या पाठीवर लाल गोफ हलत होता.

मी धावत जाऊन तिचा खांदा धरला. ती वळली. तिनं कानातला भुंगा काढला आणि माझ्या हातात ठेवला; तिला वाटलं, तो द्यायचा राहिला म्हणून धरलंय. मग ती माझ्या चपलांकडं बघत उभी राहिली.

मी खाली बसले. तिच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं. माझं तोंड तिच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, उघडं.

तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

पापण्या थरथरत होत्या, पण उघडत नव्हत्या. मी सांगायला लागले. सगळं, पहिल्यापासून. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, आवाज निघतच नव्हता. नुसते ओठ हलत होते.